बिस्काचं पाणी

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं वाळवंटातल्या इन-अझरूकडे पाठ फिरवली होती. कोरड्या ओढ्यातल्या बाभळींवर नुसते काटे उरले होते. खालचा पाला बकऱ्यांनी ओरबाडला, वरचा केल्लानं आकडीनं झोडून पाडला, आणि आता झोडायलाही काही राहिलं नव्हतं. वरच्या अंगाची विहीर आटली तेव्हा तिथली बिऱ्हाडं गाढवांवर तंबू लादून तामनरासेत शहराच्या कडेला गेली. ओढ्यात राहिलं ते एकट्या केल्लाचं बिऱ्हाड. तिच्याकडे बिस्काचं पाणी होतं.

ती विहीर नव्हती. जमिनीतून गुडघाभर वर आलेला एक लोखंडी नळ होता, आत जेमतेम माणसाचा पंजा जाईल एवढा. केल्ला नवी नवरी होती तेव्हा उत्तरेकडून माणसं आली होती, यंत्रं घेऊन. दगडातलं युरेनियम शोधत त्यांनी सगळ्या माळाची चाळण केली. केल्लाचा नवरा बिस्का त्यांच्याकडे भोकांतून निघालेले दगडाचे गज वाहायला होता. एका भोकाला पाणी लागलं. पुढं काम गुंडाळायची वेळ आली, माणसं भोकं बुजवत निघाली, तेव्हा बिस्का त्या पाण्याच्या भोकावर जाऊन मांडी घालून बसला. दंडाला धरून उठवलं तरी उठेना. शेवटी साहेब हसला आणि म्हणाला, राहू द्या रे याच्यापुरतं.

पण एवढ्या अरुंद नळातून पाणी काढायचं कसं? बिस्कानं टाकून दिलेल्या पाइपाचा तुकडा घेतला आणि बुडाला उंटाच्या चामड्याची झडप शिवली; खाली जाताना उघडणारी, वर येताना मिटणारी. वर खांबांवर कप्पी, कप्पीवरून दोर, दोराला गाढव. गाढव दोर ओढत धावेच्या वाटेवरून लांब गेलं की ते नळकांडं वर येई आणि डोणीत भळकन पाणी ओते. पहिलं पाणी पडलं त्या दिवशी बायकांनी ढोल वाजवला होता.

बिस्का जाऊन बरीच वर्षं झाली होती. आधी त्याचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग लघवी बंद झाली. गेलेल्या माणसाचं नाव तोंडानं घेऊ नये म्हणून केल्ला ते घेत नसे. लोक मात्र पाण्याच्या निमित्तानं रोज घेत, आणि तिला ते ऐकायला बरं वाटे.

त्या सकाळी फान्ना, केल्लाची सून, गाढव हाकत होती आणि केल्ला नळाशी उभी होती. फान्नाचं पोट चांगलं वर आलं होतं. याआधी दोनदा असंच आलं होतं. दोन्ही पोरं पुऱ्या दिवसांची, पण न रडताच आली. ओढ्याच्या पलीकडे दगडांच्या दोन लहान राशी होत्या. फान्ना बकऱ्या त्या बाजूला वळवत नसे.

"बस कर आता, पोरी. मी हाकती गाढव," केल्ला म्हणाली.

"चालल्यानं बरं वाटतंय, आत्याबाई. बसलं की पाठ धरती."

तेवढ्यात खिंडीतून धूळ उठली. गाड्या होत्या, पांढऱ्या, एकीमागून एक, आणि शेवटी यंत्र लादलेला ट्रक. केल्लाचा मुलगा ऊक्सेम उंट बांधून पुढं झाला आणि मुंडाशाचा पदर त्यानं नाकावर ओढून घेतला.

गाडीतून एक बाई उतरली. पँट घातलेली, डोक्याला टोपी, उन्हानं नाक सोललेलं. ती इंजिनिअर होती, उत्तरेची, नाव लुन्जा. तिच्याबरोबर मुकादम होता. त्यांच्याजवळ जुना नकाशा होता. त्यावर सगळी जुनी भोकं मांडलेली. सरकारनं पुन्हा युरेनियम शोधायचं ठरवलं होतं. जुन्या भोकांत तारेनं यंत्र सोडायचं, काय लागतं ते बघायचं आणि त्यांच्या आजूबाजूला नवी भोकं पाडायची. मुकादमाला राखणीला आणि वाटाड्या म्हणून माणूस हवा होता. उभ्या-उभ्या ऊक्सेमला काम मिळालं.

लुन्जा चालत चालत नळाशी आली आणि थबकली. गाढव, दोर, डोणीत तोंड घातलेल्या बकऱ्या हे सगळं बघत राहिली.

"हे पाणी तुम्ही पिता?" तिनं अरबीत विचारलं.

ऊक्सेम म्हणाला, "पितो म्हणजे? दुसरं आहे कुठं?"

केल्लानं वाडगा भरून पाहुणीपुढं केला. लुन्जानं तो दोन्ही हातांत घेतला, पण ओठाला लावला नाही. गाडीतून बाटली आणून तिनं ते पाणी बाटलीत ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि रिकामा वाडगा परत दिला. केल्लाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. ते आवरायचं तिला सुचलं नाही.

दुपारी ती फान्नाला म्हणाली, "पाणी दिलं तर बाटलीत भरून ठेवती. पाहुणी हाय का वैद्य?"

"शहरातली असंल, आत्याबाई. त्येंना दुसऱ्याच्या भांड्यातलं चालत न्हाई."

यंत्र सुरू झालं. दिवसभर घरघर, आणि माळावर राखाडी धुळीचा लोट. बकऱ्या बिचकून दूर गेल्या. त्यांना वळवून आणता आणता केल्लाच्या टाचांना भेगा पडल्या. ऊक्सेम नव्या बुटांत कामाला जाई आणि संध्याकाळी पाय धरून बसे. तरी घरात रवा आला, साखर आली. वाळूत भाजलेल्या भाकरीवर पुन्हा तूप दिसलं. कधी नव्हे ते फान्ना पोटभर जेवू लागली.

मग एक दिवस लुन्जा तंबूत आली. केल्लानं चहा ठेवला. पहिला पेला झाला, दुसरा झाला. ऊक्सेम मध्ये बसला होता, दोघींचं बोलणं इकडचं तिकडं करायला.

लुन्जानं पेला खाली ठेवला आणि ती सावकाश बोलायला लागली. तपासाचा निकाल आला होता. इथल्या दगडात जे आहे तेच पाण्यात उतरलं होतं, प्यायच्या पाण्यात असू नये त्याच्या कितीतरी पट. वर्षानुवर्षं प्यायलं तर मूत्रपिंडं निकामी होतात. घरात कुणाला सुजेचा आजार झाला होता का? पोटुशी बाई आहे, तिनं तर एक घोटसुद्धा घेऊ नये.

ऊक्सेमनं मान खाली घातली आणि आईला म्हणाला, "पाणी जरा खारट झालंय म्हणत्यात. काही दिवस त्येंच्या टाकीचं घ्या म्हणत्यात."

केल्ला तिसऱ्या पेल्यात चहा ओतत होती. हात तसाच वर धरून तिनं फेस येऊ दिला.

"बाजारात मी तुझ्या आधीपासनं जाती, ऊक्सेम," ती म्हणाली. "अरबी मला कळती. तिला सांग, व्हय. सुजला होता म्हणून सांग."

ऊक्सेमनं सांगितलं. तिसरा पेला न पिता उठणं बरं दिसत नाही म्हणून लुन्जानं तो कसाबसा संपवला. चहाचं पाणी लुन्जानं गाडीतून का आणलं होतं हे केल्लाच्या तेव्हा लक्षात आलं. आल्या आल्या तिनंच पाण्याचा डबा पुढं केला होता.

फान्ना पडद्यामागं होती. तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या सकाळी केल्ला नेहमीसारखी नळाशी गेली. बकऱ्या तहानेनं ओरडत होत्या. तिनं गाढव जुंपलं आणि हाक मारली, "फान्ना, येतीस का गं?"

फान्ना आली, पण धावेच्या टोकाशीच उभी राहिली. सासूपुढं कधी आवाज न चढवलेली पोर. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"आत्याबाई, मी पहिल्यापासनं हेच पाणी प्याले ना?"

"आपण सगळीच प्यालो."

"पहिल्या येळेला मला सारखी तहान लागायची. आठवतंय? तुमी सोता वाडगा भरून द्यायचा. पी पोरी, पोटातल्याला लागतंय म्हणायचा."

केल्लाच्या हातात दोर होता.

"तुमच्या माणसाच्या पाण्यानं माझी दोन्ही पोरं खाल्ली," फान्ना म्हणाली. "आन् मी रोज त्याचं नाव घेऊन दुवा देत हुते."

ती तिथंच खाली बसली. ओरडली नाही, ऊर बडवून घेतला नाही. नुसती वाळू मुठीत घेत होती आणि सोडत होती. केल्ला तिच्याजवळ जायला निघाली, अर्ध्या वाटेत थांबली, आणि परत नळाशी आली. बकऱ्यांना पाणी तर द्यायलाच हवं होतं. तिनं एकटीनंच गाढव हाकलं.

त्या दिवसापासून दोघी एका तंबूत राहून एकमेकींशी कामापुरतं बोलू लागल्या.

खोदकामाच्या कंपनीच्या तळावर पाण्याची निळी टाकी होती. तामनरासेतहून टँकर येऊन ती भरे. माणसांना लागेल तेवढं घ्यावं, असं लुन्जानं सांगून ठेवलं होतं. पण लुन्जा दिवसभर माळावर असे, आणि टाकीपाशी असे आचारी.

"परत आलीस, म्हातारे? काल तर नेलंस!"

"काल सुनेला न्हाऊ घातलं. दिवस भरत आलेत तिचे."

"न्हाऊ घालायचं नाही यात. हे प्यायचं पाणी आहे. तुमचं ते नळाचं आहे की अंघोळीला." त्यानं तोटी अर्ध्यावरच बंद केली. "आणि ती बकरी लांब घे, तिकडे. टाकीला तोंड लावते."

केल्लानं अर्धा भरलेला डबा उचलला. आयुष्यात तिनं पाणी कधी कुणाकडे मागितलं नव्हतं. तिच्याकडे लोक मागायला येत. उंटांचे तांडे थांबत, अनोळखी माणसं पखाली भरून जात, आणि बिस्का एखाद्या मालदाराच्या ऐटीत डोणीच्या काठावर बसून त्यांच्याकडं बघत असे. डबा फार जड नव्हता. तरी तळापासून तंबूपर्यंत येताना ती दोनदा टेकली.

आणलेलं पाणी तिनं सगळं फान्नाच्या रांजणात ओतलं. स्वतः नळाशी गेली, ओंजळ भरली आणि प्यायली. थंडगार होतं. चव तशीच, जरा लोखंडाची, जरा दगडाची. हे पाणी वाईट आहे हे तिच्या जिभेला काही केल्या पटेना.

ऊक्सेमनं तिला पाहिलं.

"आये, कशापायी पितीस? सांगितलंय ना त्येंनी?"

"माझी आता काय पोरं व्हायची हायेत?"

"तसं न्हाई—"

"त्यानं प्यालं, मी प्याले. तू बी ह्याच पाण्यावर वाढलास. मी आज तोंड फिरवलं तर मग तो चोर ठरला की रं. त्याला ठाऊक हुतं का?"

ऊक्सेमनं खाली बसून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

केल्ला मग लुन्जाला भेटायला गेली, एकटी. लुन्जा ताडपत्रीच्या सावलीत दगडाच्या गजांवर पाणी शिंपडत होती. खोक्यांत ते गज ओळीनं मांडलेले होते. असलेच गज बिस्कानं खांद्यावरून वाहिले होते. त्याच्या खांद्याला घट्टा पडला होता तो केल्लाला आठवला.

मोडक्यातोडक्या अरबीत ती म्हणाली, "एक विचारायचं आहे. खरं सांग. माझ्या सुनेची दोन पोरं पोटातच गेली. ती या पाण्यानं गेली का?"

लुन्जानं हात पुसले. "मला सांगता येणार नाही, आई."

"का?"

"पोरं अनेक कारणांनी जातात. मी पाणी मोजलं, एवढंच. पोरांचं कुणीच काही तपासलं नाही. डॉक्टरसुद्धा आता छातीठोकपणे सांगू शकणार नाही."

"आणि तो सुजून मेला, त्याचं?"

"असू शकेल. नसूही शकेल."

केल्लानं मान हलवली. होय म्हटलं असतं तर ती रडली असती. नाही म्हटलं असतं तर धावत जाऊन फान्नाला सांगितलं असतं. हे असू शकेल-नसू शकेल घेऊन घरी कुठल्या तोंडानं जायचं?

"मग मोजायचंच नव्हतं," ती म्हणाली.

लुन्जाचे डोळे भरून आले. पण ती कामाची बाई होती. म्हणाली, "आई, तो नळ आता बंद करावा लागेल. वरून हुकूम आहे. तुम्ही प्याल, दुसरं कुणी वाटसरू येऊन पिईल. उघडा ठेवता येणार नाही."

नळ बुजवायच्या दिवशी वारं सुटलं होतं. मुकादमानं सिमेंटची पोती उतरवली. दोघा मजुरांनी वाळू आणि सिमेंट फावड्यानं कालवलं, टाकीतलं चांगलं पाणी त्यात ओतलं. ऊक्सेम कप्पी सोडवायला वर चढला होता. दोर खाली आला, नळकांडं आलं, त्याची चामड्याची झडप अजून ओली होती. मुकादमानं ते पायानं बाजूला सारलं.

"चल रे ऊक्सेम, घे बादली. ओत."

ऊक्सेम उभाच राहिला. "दुसऱ्याला सांगा, मुकादम. माझ्या बापाचं आहे हे."

"बापाचं कसलं? सरकारचं भोक आहे. कामावर आहेस ना? वारं वाढतंय, आटप."

मजूर एकमेकांकडे बघू लागले. त्यातला एक पुढं झाला, बादलीला हात घातला. तेव्हा केल्ला, जी इतका वेळ डोणीच्या काठावर बसली होती, उठली.

"ठेव ती," ती त्या मजुराला म्हणाली. मग मुलाकडे वळली. "ऊक्सेम, त्याला वाळूत ठेवला तेव्हा पहिली मूठ कुणी टाकली?"

"मी."

"मग परक्याच्या हातानं कशाला? तूच ओत."

ऊक्सेमनं मुंडाशाचा पदर डोळ्यांखालपर्यंत ओढला आणि बादली उचलली. नळात सिमेंट पडलं तेव्हा आधी नुसती हवा फसफसली. बऱ्याच वेळानं खोल कुठंतरी पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. दुसरी बादली, तिसरी. मग आवाज यायचा थांबला. नळ तोंडापर्यंत भरला आणि मुकादमानं वरून थापीनं सारखा केला.

फान्ना तंबूच्या दारात उभी होती. तिला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. सासू डोणीतलं उरलंसुरलं पाणी हातानं ढवळत होती ते तिनं पाहिलं आणि ती आत गेली.

बकऱ्यांना कोण सांगणार? संध्याकाळी रानातून आल्या त्या सवयीनं सरळ डोणीवर. कोरडी डोण चाटली, ओल्या सिमेंटला नाक लावलं, शिंकल्या, आणि तिथंच उभ्या राहून ओरडायला लागल्या. केल्लानं हाकललं. त्या गेल्या आणि वळून पुन्हा आल्या. शेवटी तिनं दगड उचलले. स्वतःच्या हातानं जन्माला आणलेल्या बकऱ्या, एकेकीला नावानं ओळखणारी ती. तिनं त्यांच्या पाठीत दगड घातले, शिव्या घातल्या, आणि त्या खिंडीकडे पळाल्या तेव्हा हातातला शेवटचा दगड टाकायला तिची बोटं उघडेनात.

टाकीच्या पाण्यावर कळप जगणार नव्हता. बकऱ्या केल्लाच्या भावाच्या कळपात गेल्या, दूर दक्षिणेला. ऊक्सेम कामावर राहिला, तळावरच. तंबू उतरवला तो दोघी बायकांनी मिळून. खांब काढताना फान्नाला कळ आली, तेव्हा केल्लानं तिच्या हातातला खांब काढून घेतला आणि म्हणाली, "सोड. मी हाय." बऱ्याच दिवसांत तिनं कामाखेरीज बोललेलं एवढंच.

फान्ना बाळंतपणासाठी आईकडे निघाली होती. कंपनीच्या गाडीत मागं दोघींना बसवलं. गाडी खिंडीशी आली तेव्हा फान्नानं ओढ्याच्या पलीकडं, त्या दोन लहान राशींकडं पाहिलं. केल्लानं मागं पाहिलंच नाही.

तामनरासेतच्या कडेला फान्नाच्या आईचं घर होतं, सिमेंटच्या विटांचं, पत्र्याच्या छपराचं. पाणी नळाला एक दिवसाआड येई. केल्लाला तिथं काही काम नव्हतं. ती दारात बसे, चहा करी, आल्यागेल्याला खुशाली विचारी. कुणी विचारलं, कुठली गं तू, तर इन-अझरूची म्हणे. पूर्वी ऐकणारा लगेच म्हणायचा, अरे, बिस्काच्या पाण्यावरची. आताही एकदोघं तसं म्हणाले. आणि मग गप्प झाले. बातमी इथवर आली होती.

फान्नाला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. आतल्या खोलीत तिची आई आणि सुईण होती. केल्ला उंबऱ्याशी बसली. मागच्या दोन्ही वेळा तीच आत होती. दोन्ही वेळा तिनंच पोरांना पुसून कापडात गुंडाळलं होतं, आणि कान लावून वाट पाहिली होती. या वेळी तिला कुणी आत ये म्हटलं नाही, आणि तीही गेली नाही.

पोर रडलं.

असं रडलं की शेजारच्या अंगणातल्या बायकांनी ऐकलं आणि तिथूनच जिभा फिरवून आनंदाची हुलहुल केली. सुईण दारात आली. "पोरगा! काय आवाज लावलाय बघा मेल्यानं!"

फान्नाची आई हसत होती, रडत होती, शेजारणी आत घुसत होत्या. कापडात गुंडाळलेलं पोर फान्नानं हातात घेतलं, त्याचा वास घेतला. मग गर्दीतून तिनं उंबऱ्याकडे पाहिलं.

"आत्याबाईंकडे द्या," ती म्हणाली.

पोर केल्लाच्या मांडीवर आलं. लालभडक तोंड, मिटलेल्या मुठी. पाय झाडत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. केल्लानं त्याच्या छातीवर तळवा ठेवला. आतली धडधड हाताला लागली.

फान्ना थकलेल्या आवाजात म्हणाली, "नाव तुमी सांगा, आत्याबाई. ह्यांच्या बापाचं ठेवायचं असंल तर... मी काही म्हणणार न्हाई."

केल्लाचे ओठ हलले. त्या पोराचा आवाज तिच्या कानात घुमत होता, आणि इंजिनिअर बाईनं दिलं नव्हतं ते उत्तर त्यात होतं. शेवटी दुसऱ्या पाण्यावर आलेलं पोर रडलं. तिच्या पाण्यावरची रडली नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली. "माझ्या भावाचं ठेवा. अनाबा."

आणि तिला रडू कोसळलं. पोराला उराशी धरून ती पुढं-मागं हलत राहिली, पदर तोंडात धरला तरी हुंदका आवरेना.

"रडू द्या, रडू द्या," शेजारीण म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आनंदाचं रडू ते. किती वर्षांनी मांडीवर नातू आला बिचारीच्या."

फान्नानं नुसता हात लांब केला आणि सासूच्या कपड्याचं टोक मुठीत धरून ठेवलं.